प्रकल्प नोंदी: अगाफ्याचे घर

७ जून २०२५, शनिवार

कामाला सुरुवात. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दिवाळीआधी मांडायचे प्रदर्शन: अगाफ्या लिकोवा या बाईचे घर आणि तिचे रोजचे काम. घराची १:१० प्रतिकृती, सहा फलक आणि लोकांनी हाताळून बघायच्या वस्तूंची तीन टेबले. खिडक्या पश्चिमेला असल्याने पावसाचे झोत आत येतात. त्यामुळे लाकूड, कागद, साल, कापूस असे जे जे ओल धरते त्याचा विचार आधी करायचा.

पहिल्या फलकाचा मजकूर आज पक्का केला. अगाफ्याचा जन्म १९४४ चा, दक्षिण सैबेरियातल्या खकासियात, अबाकान पर्वतरांगेतल्या जंगलात. हे कुटुंब रशियन 'जुन्या श्रद्धेचे'. सतराव्या शतकात धर्मगुरू निकॉनने पूजाविधी बदलले, ते ज्यांनी मानले नाहीत त्यांचे हे वंशज. दोन बोटांनी क्रूस करणारे. १९३६ मध्ये कार्प लिकोव्हच्या भावाला गस्तीच्या सैनिकांनी गोळी घातली. कार्प बायको अकुलिना आणि दोन मुलांना, साविन आणि नताल्याला, घेऊन रानात शिरला. दिमित्री आणि अगाफ्या ही धाकटी दोघे रानातच जन्मली. १९७८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांच्या हेलिकॉप्टरमधून डोंगरउतारावर वाफ्यांच्या रेषा दिसल्या, तेव्हा बाहेरच्या जगाला हे कुटुंब कळले. सर्वांत जवळची वस्ती सुमारे अडीचशे किलोमीटरवर. १९८१ च्या शेवटच्या महिन्यांत तिन्ही भावंडे गेली. १६ फेब्रुवारी १९८८ ला वडील गेले. त्यानंतर येरिनात नदीकाठी अगाफ्या एकटी.

प्रदर्शनात नवलाईवर भर द्यायचा नाही, कामावर द्यायचा. सहा माणसांनी वाटून केलेले काम दोन हातांवर आले म्हणजे नेमके काय आले, ते वस्तूंतून आणि आकड्यांतून दिसले पाहिजे. चेहऱ्याचे मोठे छायाचित्र दाराशी लावायची सूचना होती. ती मागे ठेवली. दारातून आत येताच घर दिसावे.

१५ जून, रविवार

नावांची तपासणी. 'अगाफ्या कार्पोव्हना लिकोवा' हे पूर्ण नाव. कार्पोव्हना म्हणजे कार्पची मुलगी. मधले नाव वडिलांचे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, एका ओळीत काम होते. बाप लिकोव्ह, लेक लिकोवा, हा फरक मात्र लिहायला हवा. नाही तर दोन आडनावे छापखान्याची चूक वाटतील.

एक चूक वेळेवर सापडली. कच्च्या मजकुरात 'राईचे एक रोप' असे होते. मराठीत राई म्हणजे मोहरी. वाचणारा फोडणीच्या डब्यातली मोहरी डोळ्यासमोर आणणार आणि पुढचा सगळा हिशेब त्याच्यासाठी निरर्थक होणार. सगळीकडे 'राय हे धान्य (गव्हाच्या जातकुळीतले)' असे केले. एकूण नऊ ठिकाणी.

२९ जून, रविवार

प्रतिकृतीच्या लाकडाचा हिशेब. घर ५ × ४ मीटर धरले, भिंतीची उंची २ मीटर, ओंडक्याची जाडी १८ सेंटिमीटर. १:१० ने ५० × ४० सेंटिमीटर, उंची २० सेंटिमीटर, काठी १८ मिलिमीटर.

परांचीला लागणाऱ्या सुरूच्या वाशांचे शेंडे घेतले. सरळ असतात आणि जाडी एकसारखी मिळते. साल ताजेपणीच काढायची. वाळल्यावर ती चिकटून बसते आणि सुरीने काढताना लाकडाचे कपचे निघतात.

एका थराची उंची १८ नव्हे, १६ मिलिमीटर येते, कारण वरचा ओंडका खालच्यावर थोडा बसतो. तेरा थर म्हणजे २०.८ सेंटिमीटर. कोपऱ्यावर दोन्हीकडे ३ सेंटिमीटर टोक बाहेर ठेवायचे. म्हणून २६ काठ्या ५६ सेंटिमीटरच्या आणि २६ काठ्या ४६ सेंटिमीटरच्या. मिळून साडेसव्वीस मीटर. वाकड्या, गाठीच्या आणि चुकलेल्या काठ्यांसाठी चौथा हिस्सा जास्त धरून ३३ मीटर आणले.

१२ जुलै, शनिवार

कोपऱ्याची खाच. दोन पद्धती आहेत. एकीत खालच्या ओंडक्याच्या वरच्या अंगाला वाटीसारखी खाच घेतात आणि वरचा ओंडका त्यात ठेवतात. कापायला ही सोपी, पण वाटीचे तोंड वर असल्याने पाणी साचते आणि कोपरा आधी कुजतो. दुसरीत खाच वरच्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला घेऊन तो खालच्यावर पालथा घालतात. पाणी वरून ओघळून जाते. आम्ही दुसरी घेतली.

खोलीचे गणित चुकले की सगळी भिंत चुकते. काठी १८ मिमी. खाच १० मिमी घेतली तर प्रत्येक आडवी काठी आधीच्या काठीपेक्षा ८ मिमी वर येते, दोन पायऱ्यांत १६ मिमी, आणि एकाच भिंतीतल्या दोन काठ्या एकमेकींत २ मिमी बसतात. त्यासाठी वरच्या काठीच्या पोटाला लांबभर २ मिमीची पन्हळ काढायची. शेवाळ या पन्हळीत राहते. पहिल्या दिवशी खाच ९ मिमी झाली होती. काठ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या, शेवाळ दाबले जाईना आणि बोट लावताच बाहेर येऊ लागले. ८ मिमीच्या खाचेत तर आरपार उजेड दिसला. सैबेरियात त्या दोन सेंटिमीटरमधून हिवाळा घरात येतो.

खाच करवतीने दोन काप देऊन, पटाशीने मधला भाग काढून, १६ मिमीच्या गोल कानशीने घासून पूर्ण केली. एका खाचेला सरासरी सात मिनिटे. एका काठीला दोन खाचा, ५२ काठ्या, १०४ खाचा, म्हणजे बारा तासांहून थोडे जास्त. समोरासमोरच्या दोन भिंती अर्ध्या चिरलेल्या काठीवर सुरू करायच्या, नाही तर चारही भिंतींचा पहिला थर जमिनीला टेकत नाही. हे आधी लक्षात न आल्याने पहिला थर पुन्हा केला.

शेवाळ: भिंतीवर आणि जांभ्याच्या गडग्यावर सध्या हवे तेवढे आहे, पण ते ओले असते आणि बंद काचेत चार दिवसांत बुरशी धरते. गुटी कलमाला वापरतात ते वाळलेले मॉस नर्सरीतून आणले, अर्धा किलो. पन्हळीत सलग वळकटी घालायची. तुकडे तुकडे घातले की मधे पोकळी राहते.

२० जुलै, रविवार

टेबल क्रमांक १, आग. लिकोव्ह कुटुंब काड्यापेटीला पाप मानून दूर राहिले. चकमकीवर विस्तव काढत आणि लाकडाच्या चिरफळ्या पेटवून रात्री उजेड करत.

इथे मराठी वाचकाला काही परके नाही. गारगोटी, पोलाद आणि कापूस असलेली चकमकीची पिशवी कालपरवापर्यंत आपल्याकडेही होती. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले दगड नदीपात्रात आणि पठारावर सहज मिळतात. सहा नमुने तपासले. स्वच्छ स्फटिकासारखा दगड मारताच चुरतो, धार टिकत नाही. अकीकाच्या जातीचा, मेणासारखी झाक असलेला दगड फुटल्यावर काचेसारखी धार देतो आणि पंधरा-वीस फटके ती राहते. टेबलावर दोन्ही ठेवायचे.

ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. दगडाची धार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो. म्हणून पोलाद कडक हवे. बांधकामाच्या सळीचा तुकडा घेतला तर एकही ठिणगी नाही, कारण ते पोलाद मऊ. तुटलेली जुनी कानस उत्तम. तिचा एक काठ ग्राइंडरवर घासून दात काढायचे, दर तीन-चार सेकंदांनी पाण्यात बुडवत. काठ निळा पडला की कडकपणा गेला. आमचा पहिला तुकडा असाच गेला.

ठिणगी झेलायला सैबेरियात बर्च झाडाच्या खोडावर वाढणारी, घोड्याच्या खुरासारखी बुरशी वापरतात. तिचा आतला थर मऊ, कातड्यासारखा असतो. आपल्याकडे जळका सुती कपडा. जुन्या मांजरपाटाचे ५ सेंटिमीटरचे चौकोन, झाकणाला २ मिमीचे भोक पाडलेला पत्र्याचा डबा, मंद आच. भोकातून धूर यायचा थांबला (साधारण दहा मिनिटे) की खाली उतरवायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. गरम असताना उघडला की हवा लागून आतला सगळा कपडा धुमसतो आणि हाताशी राख राहते.

या महिन्यातली अडचण वेगळी. दुपारी केलेला कपडा संध्याकाळपर्यंत ओल धरतो आणि ठिणगी त्यावर पडून विझते. झाकणाला रबर असलेल्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवला, तेव्हा आठव्या दिवशीही दुसऱ्या-तिसऱ्या ठिणगीला धरला. फलकावर एक ओळ घातली: विस्तव काढण्यापेक्षा जाळण कोरडे राखणे अवघड. हॉलमध्ये आग पेटवायची नाही. ठिणगीपर्यंतच, तीही काचेच्या आडोशामागे.

३ ऑगस्ट, रविवार

टेबल क्रमांक २, सालीची भांडी. रानात नेलेली लोखंडी भांडी गंजून संपली, त्यांच्या जागी बर्चच्या सालीची आली. पादत्राणेही सालीचीच. साल पाणी धरते, पण चुलीवर चढत नाही. एवढ्या एका गोष्टीने त्यांचा स्वयंपाक किती बदलला असेल, हे भांडे हातात घेतल्यावर कळते: कडा पाण्याच्या वर असते आणि ज्वाळा आधी कडेलाच लागते.

साल उतरवायचा हंगाम जूनपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, झाडात रस चढलेला असताना. सुरी फक्त बाहेरच्या थरात चालवायची. आतला थर कापला तर झाड मरते. सोललेला पत्रा उलटा वळतो, पांढरी बाजू आत आणि तांबूस बाजू बाहेर, आणि भांडे त्याच वळणाने करतात. जबरदस्तीने विरुद्ध वळवला की आडव्या रेषांवर फुटतो.

आपल्या ओळखीचे भोजपत्र म्हणजे हिमालयातल्या बर्चचीच साल. पण गंगोत्रीकडची भूर्जांची राने सालीपायी आणि सरपणापायी विरळ झाली आहेत. प्रदर्शनासाठी ते मागवायचे नाही, हे ठरलेले. पर्याय पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचा रुंद पत्रा. बागेत पडलेली फुकट मिळते, पत्रा जाड असतो आणि भिजल्यावर वळतो.

कृती: विरीचा मधला सपाट भाग ४० × २५ सेंटिमीटर कापून कोमट पाण्यात अर्धा तास. चारही कोपरे पाकिटासारखे आत दुमडायचे, कापायचे नाहीत. कोपरा कापला की तिथून गळते. कडेला बांबूची पातळ कामटी आणि वाखाची शिवण. इथे पहिली दोन भांडी फाटली. विरीचे तंतू लांबीच्या दिशेने जातात आणि त्याच रेषेत एका ओळीत भोके पाडली की पोस्टाच्या तिकिटासारखी ती ओळ सुटते. बर्चच्या सालीचेही तेच, फक्त तिच्या रेषा खोडाभोवती आडव्या असतात. उपाय दोन्हीकडे एकच: भोके नागमोडी पाडायची, एक कडेपासून ४ मिमीवर, पुढचे ८ मिमीवर. तिसरे भांडे व्यवस्थित झाले आणि दोन तास पाणी धरून राहिले.

वाळवताना वजन ठेवावे लागते, नाही तर तळ वर उचलला जातो. पावसात चौथ्या दिवशी काळे ठिपके आले. पुढची खेप चुलीच्या वर, धुराच्या जागी टांगली, ठिपके नाहीत.

१६ ऑगस्ट, शनिवार

प्रतिकृतीत दोष. दाराच्या वरच्या तीन थरांत फटी पडल्या, सर्वांत मोठी ६ मिमीची. बाकीची भिंत मात्र घट्ट. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. दाराची चौकट आपण भिंतीच्या कापलेल्या टोकांना खिळ्यांनी ठोकली होती. वासे वरून वाळलेले दिसले तरी आतून ओले होते. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, जाडीत आकसते. तेरा थरांची भिंत जाडीच्याच बेरजेवर उभी असते, त्यामुळे ती खाली बसत गेली. चौकटीचे उभे लाकूड मात्र तेवढेच राहिले, दारावरचा ओंडका चौकटीवर टेकला आणि बाजूंचे थर त्याच्याखालून निघून गेले.

हा नुसता प्रतिकृतीचा दोष नाही. ओल्या ओंडक्यांचे खरे घरही असेच बसते, दोन मीटरच्या भिंतीत सहज दहा सेंटिमीटर. म्हणून तिकडे चौकट खिळ्याने ठोकत नाहीत. ओंडक्यांच्या टोकांना उभी खाच घेऊन चौकट तिच्यात सरकती ठेवतात, डोक्यावर जागा सोडतात आणि ती जागा शेवाळाने भरतात. भिंत बसत जाते तसे शेवाळ दाबले जाते.

दुरुस्ती: खिळे काढले, १२ मिमीने खुजी नवी चौकट केली, कडेला जीभ आणि खाच केली, वर मॉस भरले. शिवाय एक काठी रोज वजन करण्यासाठी बाजूला ठेवली आहे. सलग तीन वजने सारखी आली की लाकूड वाळले असे समजायचे. जुनी चौकट फेकायची नाही. खिळ्यांच्या भोकांसकट शेजारी ठेवायची, घर कसे बसते ते तिच्यावरून चांगले समजते.

३१ ऑगस्ट, रविवार

अन्नाचा फलक. मुख्य पीक बटाटा. राय आणि भांगेच्या बिया कुटून घातलेल्या बटाट्याच्या जाड भाकऱ्या हे नेहमीचे खाणे. भांगेच्याच तंतूंचे सूत काढून घरी विणलेले कापड. त्याशिवाय मटार, सलगम, कांदा. भूगर्भशास्त्रज्ञ आले तेव्हा घराबाहेर खांबांवर उभे केलेले लहान कोठार होते, त्यात सालीच्या डब्यांतून वाळवलेल्या बटाट्याचे काप. आपल्या वाळवणाचाच प्रकार, फक्त उन्हाऐवजी बरेचसे काम चुलीच्या उबेचे. कोठार खांबांवर कशासाठी, हे धान्याच्या कणगीखाली दगड ठेवणाऱ्याला विचारायची गरज नाही.

एका माणसाचा हिशेब आम्ही असा मांडला. दिवसाला २२०० कॅलरी, त्यातल्या निम्म्या बटाट्याच्या. शंभर ग्रॅम बटाट्यात ७७ कॅलरी, म्हणजे दिवसाला १.४ किलो, वर्षाला ५२० किलो. सडण्यात आणि उंदरांत एक दशांश धरला की पिकवायचे ५८० किलो. रोपामागे ७०० ग्रॅम निघाले तर सुमारे ८३० रोपे. ६० × ३० सेंटिमीटरवर लावली तर दीड गुंठा जमीन. ऐकायला थोडी. पण ती डोंगरउतारावरची, कुदळीने उकरलेली, आणि जूनमध्येही बर्फ पडू शकतो अशा ठिकाणची.

बियाणे: ५० ग्रॅमचा एक, ८३० कंद, सुमारे ४२ किलो. हे ४२ किलो वसंतापर्यंत खायचे नाहीत. अगाफ्यानेच सांगितले आहे की दर वर्षी घरातले सगळे बसून ठरवत, सगळे खाऊन टाकायचे की बियाणे राखायचे. टेबल क्रमांक ३ वर म्हणून दोन पोती ठेवली आहेत, एकात खायचा आठवड्याचा बटाटा (१० किलो), दुसऱ्यात ४२ किलोचे बियाणे, तोंड शिवलेले. लोकांनी दुसरे पोते उचलून बघावे.

सैबेरियन पाइनच्या बिया: शंभर ग्रॅमला साडेसहाशेहून जास्त कॅलरी, निम्म्याहून अधिक स्निग्धांश. किन्नौरचा चिलगोजा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना चव ओळखीची. शंकू ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात, पण भरघोस पीक दर वर्षी येत नाही.

मीठ नव्हते. चार दशके. कार्पने त्यालाच खरा छळ म्हटले आणि पाहुण्यांकडून पहिली भेट घेतली ती मिठाचीच. टेबलावर रिकामी वाटी ठेवायची की मिठाची, यावर चर्चा झाली. मिठाची ठेवली.

१४ सप्टेंबर, रविवार

आज त्यांच्या पंचांगाने नवे वर्ष. मुद्दाम आजच कालगणनेचा फलक पूर्ण केला.

रीत अशी: जुने ज्युलियन पंचांग, सध्या आपल्या तारखेच्या १३ दिवस मागे. वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते, म्हणजे आपल्या १४ सप्टेंबरला. वर्षांची मोजणी सृष्टीच्या आरंभापासून. इसवी सनात ५५०८ मिळवायचे, १ सप्टेंबरनंतर ५५०९. वासिली पेस्कोव्ह या पत्रकाराने १९८२ मध्ये या कुटुंबाबद्दल लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचे ७४९० वे वर्ष चालू होते. आज ७५३४ सुरू झाले. शके काढायला सनातून ७८ वजा करण्याची सवय असलेल्या वाचकाला हे दोन ओळींत पटते. म्हणून फलकावर तिन्ही शेजारी शेजारी: २०२५, शके १९४७, ७५३४.

मोजणी हातातून सुटली तर काय होते, हे स्पष्ट लिहिले. उपवास आणि सण चुकतात, आणि ईस्टर दर वर्षी नव्याने काढायचा असल्याने एका दिवसाची चूक वर्षभर पसरते. घरात चारजण असले तर एकाची चूक दुसरा धरतो. १९८८ नंतर ती धरणारे कोणी नाही.

फलकाखाली लाकडी पट्टी, ३६५ भोके, एक खुंटी. भोके ३ मिमी, अंतर ६ मिमी, पाच ओळींत ७३ प्रमाणे. भोक कानशीने साफ केले नाही तर खुंटी ओलीने फुगून अडकते. खुंटीला मेण लावले.

२१ सप्टेंबर, रविवार

अठरा दाणे.

१९६१. जूनमध्ये बर्फ पडून बाग गेली. चामड्याचे जोडे आणि झाडाची साल खाऊन दिवस काढले. अकुलिनाने स्वतःच्या वाट्याचे मुलांना दिले आणि ती भुकेने गेली. राय सगळी संपली होती. मग मटाराच्या वाफ्यात रायचे एकच रोप उगवलेले दिसले. भोवती कुंपण करून उंदीर आणि खारींपासून रात्रंदिवस राखण केली. एका ओंबीचे अठरा दाणे निघाले. त्यातून पुन्हा पीक उभे केले.

इथे एक गोष्ट शेतकऱ्याच्या लक्षात यावी म्हणून वेगळी लिहिली. गहू स्वतःच्याच परागाने फळतो. राय तसे नाही. तिला दुसऱ्या रोपाचा पराग लागतो आणि एकटे रोप स्वतःच्या परागाने फार थोडे दाणे धरते. शेतातल्या रायच्या ओंबीत चाळीसहून अधिक दाणे सहज भरतात. म्हणून अठरा हा आकडा कमी नाही. एकट्या रोपाने दिलेले अठरा दाणे पुष्कळ आहेत.

पुढचा हिशेब: हजार दाण्यांचे वजन साधारण ३० ग्रॅम. अठरा दाणे म्हणजे अर्धा ग्रॅम. दर दाण्यामागे दहाच दाणे हाती लागतात असे धरले (पक्षी, उंदीर, थंडी) आणि एकही खाल्ला नाही, तर पहिल्या वर्षी १८०, म्हणजे साडेपाच ग्रॅम. दुसऱ्या वर्षी ५४ ग्रॅम. तिसऱ्या वर्षी अर्धा किलोच्या थोडे वर. चौथ्या वर्षी साडेपाच किलो. त्यातले पुढचे बियाणे काढून उरते त्याची खीर शिजते. तीन वर्षे दाणे दिसत असताना न खाणे, हे या फलकाचे मूळ आहे. त्याला विशेषण लावू नये, आकडे पुरेसे आहेत.

पाच कुप्या केल्या, काचेच्या, बुचाच्या. पहिलीत मोजून अठरा दाणे. बेकरीसाठी मिळणारी राय आणली, दाणा गव्हापेक्षा बारीक, लांबट आणि हिरवट करडा. कुपीच्या तळाला ते अठरा दाणे जेमतेम पसरतात. शेवटची कुपी म्हणजे साडेपाच किलोची बरणी. दाण्यांना टोका लागू नये म्हणून सगळे दाणे एक आठवडा फ्रीझरमध्ये ठेवून, बाहेर काढल्यावर बंद डब्यातच हॉलच्या तापमानाला येऊ दिले. तसे न करता लगेच उघडले की दाण्यांवर दव धरते आणि बुरशी येते.

२८ सप्टेंबर, रविवार

मजकुराची शेवटची तपासणी. चार दुरुस्त्या.

'तिने माणूस पाहिला नाही' हे वाक्य काढले. १९७८ नंतर लोक येत राहिले. १९९० मध्ये ती तिच्या पंथाच्या मठात जाऊन परतली. १९९७ पासून येरोफेई सेदोव्ह हा एक पाय गमावलेला माजी भूगर्भ कामगार शेजारी राहत होता, ३ मे २०१५ ला वारला. त्याच्यासाठी सरपण-पाणी तीच नेत असे. अभयारण्याचे कर्मचारी येऊन जातात. जानेवारी २०१६ मध्ये पाय दुखून बेजार झाली तेव्हा हेलिकॉप्टरने ताश्तागोलच्या रुग्णालयात नेले, बरी होऊन ती परत रानात गेली. २०२१ मध्ये उद्योजक ओलेग देरिपास्काच्या खर्चाने नवे घर झाले. हे सगळे लिहायचे. एकटी राहणे म्हणजे कोणाची मदत न घेणे असा अर्थ वाचकाने काढला तर तो तिच्यावर अन्याय होईल.

'बाहेरच्यांच्या जंतूंनी भावंडे मेली' हेही काढले. दिमित्रीला न्यूमोनिया झाला, साविन आणि नताल्या यांची मूत्रपिंडे निकामी झाली. एवढेच ठेवले.

'आदिवासी' शब्द एका ठिकाणी चुकून होता, काढला. लिहिता-वाचता येणारे, धर्मग्रंथ जवळ बाळगणारे रशियन शेतकरी कुटुंब होते ते.

'तपस्विनी' शब्द शीर्षकातून काढला. शीर्षक 'अगाफ्याचे घर' एवढेच.

५ ऑक्टोबर, रविवार

वर्षाच्या कामाचा तक्ता. सगळ्यांत ढोबळ चूक गवताची होती. पहिल्या मसुद्यात अगाफ्याच्या शेळ्या 'जंगलात चरतात' असे एक वाक्य होते, बस. हिशेब केला. ऑक्टोबर ते मे बर्फ, २४० दिवस. शेळीला रोज दोन किलो वाळले गवत, म्हणजे ४८० किलो. चार किलो ओल्या गवताचे एक किलो वाळते. एका शेळीपायी जवळजवळ दोन टन ओले गवत जुलै-ऑगस्टात विळ्याने किंवा कोयत्याने कापून, पसरून, उलटून, पाऊस चुकवून, पाठीवरून आणायचे. दहा किलोची मोळी धरली तर वाळल्या गवताच्या ४८ खेपा. वयाच्या सत्तरीनंतर. दुधासाठी एकाहून जास्त शेळ्या लागतात.

आणि हेच दिवस बटाट्याच्या भरणीचे, लगेच पुढे शंकू गोळा करण्याचे, सप्टेंबरात बटाटा काढण्याचे. सरपण बाराही महिने. तक्त्यात पूर्वी बारा रकाने सुटे होते. आता कामांच्या पट्ट्या एकावर एक चढलेल्या दाखवल्या आहेत. जुलै ते सप्टेंबर चार पट्ट्या एकदम.

प्रतिकृतीत छपराखाली गवताच्या ४८ मोळ्या ठेवायच्या. दर्भाच्या, दोऱ्याने बांधलेल्या. आज २१ झाल्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

मांडणी. काचेच्या पेटीत सिलिका जेल २०० ग्रॅम, निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे. ४८ मोळ्या पूर्ण. वजनाच्या काठीची सलग तीन वजने सारखी आली आणि दारावरच्या फटी परत उघडल्या नाहीत. बरणीतला जळका कपडा कोरडा आहे, पहिल्या ठिणगीला धरला. शिवलेल्या पोत्याखाली विटा घातल्या, फरशीची ओल लागत होती.

खुंटीची जबाबदारी ठरवली. ती रोज हॉल उघडताना एक घर पुढे सरकवायची. वाचनालय सोमवारी बंद असते. मंगळवारी दोन घरे.